कॅप पंधरा वर्षांची, दाढ किती वर्षांची?

शिरूर अनंतपाळहून दाढ दाखवायला निघालेला माणूस निलंग्याला उतरतो, नाहीतर थेट लातूर गाठतो. तिथे तर दंतमहाविद्यालयच आहे. चार चकरांनंतर परततो तो तोंडात पांढरी कॅप आणि खिशात वॉरंटी कार्ड घेऊन. झिर्कोनियाच्या कार्डावर दहा-पंधरा वर्षांचा वायदा असतो. बारीक अक्षरं वाचलीत तर कळेल, वायदा सहसा कॅपचा असतो. खालच्या दाताची हमी कोणी घेत नाही.

चिनी मातीची पहिली नीट बसणारी कॅप घडवली अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या चार्ल्स लँडने. प्लॅटिनमच्या पातळ पत्र्यावर पोर्सिलेन भाजायची त्याची युक्ती १८८९ सालची. याच लँडचा नातू चार्ल्स लिंडबर्ग १९२७ मध्ये एकट्याने विमानातून अटलांटिक ओलांडून गेला. आजोबांच्या कॅपांना मात्र एवढा दम नव्हता. दिसायला सुरेख, पण दाढेवर टिकेनात. म्हणून १९६० च्या दशकात आत धातू, वर पोर्सिलेन अशी कॅप आली आणि तिने कित्येक वर्षं राज्य केलं. हिरडीशी दिसणारी काळपट रेघ ही बहुतेक तिचीच खूण.

मग आलं लिथियम डायसिलिकेट. मोबाइलच्या बॅटरीतलं लिथियम तेच, इथे काचेत मुरलेलं. आणि झिर्कोनिया तर झिर्कोनियम धातूचा ऑक्साइड. तारापूरच्या अणुभट्टीत इंधनाच्या नळ्या ज्या मिश्रधातूच्या असतात, त्यातला मुख्य धातूही झिर्कोनियमच. केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत त्याचं खनिज सापडतं. ताकदीचा हिशोब असा: जुनं पोर्सिलेन शंभर मेगापास्कलच्या आत, लिथियमवालं चारशेच्या आसपास, झिर्कोनिया हजाराच्या घरात.

झिर्कोनियाची कॅप आधी खडूसारख्या मऊ ठोकळ्यातून कोरतात, तीही मापापेक्षा २० ते २५ टक्के मोठी. सुमारे १५०० अंशांच्या भट्टीत ती कुंभाराच्या मडक्यासारखी आकसते आणि बरोब्बर मापात येते. खरी गंमत पुढे. तिच्यात तडा जाऊ लागला की तड्याच्या टोकाशी असलेले स्फटिक आपलं रूप बदलतात, थोडे फुगतात आणि तड्याला दोन्हीकडून दाबून धरतात. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी हे ‘नेचर’मध्ये मांडलं, तेव्हा लेखाच्या मथळ्यातच विचारलं होतं: सिरॅमिकचं पोलाद?

मग शर्यतीत पोलादच जिंकलं असेल? नाही! २०१५ मध्ये इरेना सायलर आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाच वर्षांचा हिशोब मांडला. लिथियम किंवा ल्यूसाइट (हेही काचेत मुरलेलं खनिजच) असलेल्या कॅपा ९६.६ टक्के टिकल्या, धातूवाल्या ९४.७, झिर्कोनियाच्या ९२.१ आणि साध्या पोर्सिलेनच्या ९०.७. आतला झिर्कोनिया मजबूत होता, पण रूप यावं म्हणून वर चढवलेल्या पोर्सिलेनचे टवके उडत आणि कॅपा सुटूनही येत. आता दाढेसाठी अख्खी कॅपच झिर्कोनियाची करतात, तिथे थरच नाही तर टवका कशाचा उडणार! शिवाय अशा अभ्यासांत कॅप तोंडात असली की ती ‘टिकली’. कोपरा उडालेली कॅपही टक्केवारीत दिमाखात उभी असू शकते.

आता खालच्या दाताकडे. सिरॅमिकला कीड लागत नाही, पण कॅपची कड जिथे संपते तिथे दात उघडा असतो. अन्न तिथेच अडकतं आणि कीड तिथूनच आत शिरते. रूट कॅनॉल झालेल्या दाढेतली नस आधीच काढलेली, म्हणून ती ठणकतही नाही. कळतं तेव्हा बऱ्याचदा कॅप शाबूत आणि आतला दात भुसा झालेला असतो. म्हणूनच दुखत नसलं तरी डॉक्टर अधूनमधून एक्स-रे काढायला सांगतात. दुसरी मेख कॅप बसवतानाची: हिरडीच्या वर दीड-दोन मिलिमीटर निरोगी दाताचं कडं शिल्लक हवं. तेच नसेल तर महागातलं मटेरियल घेऊन काय उपयोग? माझ्या मते ‘कोणत्या कंपनीची कॅप?’ याआधी ‘दात किती उरलाय?’ हे विचारायला हवं. मिश्री लावणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण तंबाखू हिरड्यांचं नुकसान करते आणि हिरडी खाली सरकली की कॅपची कड आणि मूळ दोन्ही उघडी पडतात.

कॅपवर टेकणाऱ्या समोरच्या दाताचंही ऐका. उंची जुळवताना डॉक्टरांनी झिर्कोनिया घासला आणि परत गुळगुळीत केला नाही, तर ती खरबरीत कॅप त्या दातावर कानस चालवते. चकचकीत पॉलिश केलेली असेल तर झीज कमी.

खाण्याचं थोडक्यात: भाकरी बिनधास्त, हुरडाही बिनधास्त, त्यातला खडा सोडून. ऊस दातांनी सोलायचा नाही. सुपारीला अडकित्ता आहे. झोपेत दात खाणाऱ्यांनी रात्रीचं गार्ड घालावं.

आणि कॅप निघालीच तर फेवीक्विक लावून घरी बसवू नका. ती धुऊन डबीत ठेवा आणि दवाखान्यात न्या; आतला दात धड असेल तर तीच पुन्हा चिकटवता येते. गिळली गेली तर बहुतेक वेळा आपली आपण बाहेर पडते. मात्र ठसका लागून खोकला थांबत नसेल तर ती श्वासनळीत गेली असू शकते. तेव्हा दाताच्या डॉक्टरांकडे नाही, सरळ मोठ्या रुग्णालयात जा.