पार्वो : पहिल्या डोसाइतकाच शेवटचाही महत्त्वाचा
(सोबतीची जनावरं : लेखांक ९)

मागच्या आठवड्यात आपण रेबीजची लस समजून घेतली. आज वळू या पिल्लांच्या सगळ्यात मोठ्या वैऱ्याकडे, म्हणजे पार्वो विषाणूकडे.

दिवाळी सरली की सुरतेत लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा अशा कुठल्याही भागात जिन्याखाली नाहीतर दुकानाच्या ओट्याखाली पिल्लं दिसू लागतात. गल्लीतल्या कुत्र्या बहुतेक पावसाळा सरता सरता गाभण राहतात आणि साधारण ६३ दिवसांनी वितात, त्यामुळे थंडीच्या तोंडावर पिल्लांचा हंगाम असतो. आपल्याकडे खानदेशातून येऊन स्थिरावलेली हजारो घरं आहेत. पोरं गल्लीतलंच एखादं पिल्लू उचलून घरी आणतात, नाहीतर सुट्टीहून परतताना गावाकडचं एखादं भुसावळ-सुरत गाडीनं सोबत येतं. आठवडाभर सगळं छान चालतं. मग एका सकाळी ते दूध-पोळीला तोंड लावत नाही, कोपऱ्यात पडून राहतं, फेस ओकतं, आणि संध्याकाळपर्यंत रक्ताचे जुलाब सुरू होतात. त्या जुलाबाला असा उग्र, सडका वास असतो की अनुभवी डॉक्टर दारातूनच ओळखतात.

हा विषाणू करतो काय?

कुत्र्यांमधला हा पार्वो १९७८ मध्ये प्रथम ओळखला गेला आणि दोनेक वर्षांत जगभर पोचला. मांजरांच्या तशाच एका विषाणूशी त्याचं जवळचं नातं आहे. आपल्या देशात १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मद्रासकडून त्याच्या नोंदी आल्या.

त्याला वाढायला सतत विभागणाऱ्या पेशी लागतात. आतड्याचं अस्तर रोज नव्यानं घडत असतं, म्हणून तो तिथं घुसतो. अस्तर झडलं की पाणी आणि अन्न शोषलं जात नाही, रक्त झिरपतं, आणि आतड्यातले जिवाणू थेट रक्तात शिरतात. त्याच वेळी अस्थिमज्जेवरही हल्ला होतो आणि त्या जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीच कमी पडतात. पिल्लू दगावतं ते अंगातलं पाणी आटून आणि रक्तात जंतुसंसर्ग पसरून. उपचारच झाले नाहीत तर बहुतेक पिल्लं जातात. वेळेवर दवाखान्यात नेलं तर बहुतेक वाचतात.

कुत्र्यांचा कोरोना आणि रोटा हे विषाणूही पिल्लांना जुलाब लावतात, पण एरवी ते सौम्य असतात. फरक घरी ओळखता येत नाही. दवाखान्यात विष्ठेचा नमुना घेऊन छोट्या किटवर थेंब टाकले की काही मिनिटांत पार्वोची रेघ उमटते. कुत्र्याचा पार्वो माणसाला होत नाही, तेव्हा घरात लहान मूल आहे म्हणून आजारी पिल्लाला रस्त्यावर सोडू नका.

एक लस पुरत का नाही?

‘डॉक्टर, इंजेक्शन दिलं होतं की!’ हे वाक्य दवाखान्यात फार ऐकू येतं. कार्ड उघडलं की पहिल्या डोसाची तारीख आणि सही असते, पुढचे रकाने कोरे असतात.

चिकाच्या दुधातून आईची प्रतिपिंडं पिल्लाला मिळतात. सुरुवातीचे आठवडे तीच त्याला सांभाळतात, पण तीच लशीलाही निकामी करतात. साधारण दर दहा दिवसांनी त्यांचं प्रमाण निम्म्यावर येतं. मधे काही दिवस असे येतात की आईचं संरक्षण रोग अडवायला अपुरं असतं, पण लस हाणून पाडायला पुरेसं असतं. हे दिवस कोणत्या पिल्लाला कधी येतील ते बाहेरून कळत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून दर तीन-चार आठवड्यांनी लस द्यायची आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावरच द्यायचा. पुढे सहा महिन्यांच्या किंवा वर्षाच्या सुमारास आणखी एक डोस. दोन डोसांवर थांबणारे नेमके धोक्याच्या दिवसांत थांबतात.

कोर्स पूर्ण होईपर्यंत पिल्लाला गल्लीत, बागेत, दुसऱ्याच्या कुत्र्याजवळ जमिनीवर सोडू नका. कडेवर घेऊन खुशाल फिरवा.

फिनेलनं भागत नाही

पार्वो फार चिवट असतो. सावलीतल्या ओलसर जागेत तो महिनोन्‌महिने तग धरतो आणि चपलेच्या तळाला चिकटून घरात येतो. साधं फिनेल किंवा सॅनिटायझर त्याच्यावर भरवशाचं नाही, ब्लीच मात्र चालतं. आधी घाण पूर्ण काढून जागा धुवा, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि तीस भाग पाणी असं मिश्रण पसरून दहा मिनिटं ओलं ठेवा. त्यात संडासाचं अॅसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. ज्या घरात पिल्लू पार्वोनं गेलं, तिथं वर्षभर तरी लस न झालेलं नवं पिल्लू आणू नका.

लक्षणं दिसली तर

उलट्या चालू असताना दूध, ताक, तेल काहीही जबरदस्तीनं पाजू नका. माणसांच्या जुलाबाच्या गोळ्या देऊ नका. ‘उद्या बघू’ म्हणू नका, सलाईन त्याच दिवशी लागलं पाहिजे. बेवारस पिल्लासाठी गुजरातेत १९६२ हा करुणा अँब्युलन्सचा क्रमांक आहे. नवसारीला कामधेनू विद्यापीठाचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे.

महापालिका गल्लीतल्या कुत्र्यांची नसबंदी करते तेव्हा रेबीजची लस देते. पार्वोची लस नसबंदीच्या नियमांत नाही. ती जबाबदारी आपण उचलली पाहिजे. १९९४च्या प्लेगनंतर या शहरानं स्वच्छतेचा धडा साऱ्या देशाला घालून दिला, त्याला हे काम अवघड नाही. गणपतीला वर्गणी काढणारी आपली मंडळं गल्लीतल्या चार-पाच पिल्लांच्या लशींचा खर्च सहज उचलू शकतात. लस झालेलं प्रत्येक पिल्लू तुमच्या घरच्या पिल्लाचाही धोका कमी करतं. आजच कार्ड काढा आणि पुढची तारीख बघा. ती उलटून गेली असेल तर डॉक्टरांना विचारून कोर्स पुन्हा सुरू करा.

(पुढील लेखांकात : गोचीड आणि त्यातून होणारा ताप)