कुठलं डी. वाय.?

मार्गदर्शिकेचं पहिलं पान या प्रश्नाने सुरू होतं, आणि ते तसंच सुरू व्हायला हवं. पिंपरी, आकुर्डी, ताथवडे, आंबी, लोहगाव, इतक्या ठिकाणी डी. वाय. पाटील हे नाव लावणारी महाविद्यालयं आहेत. लातूरहून किंवा जळगावहून पहिल्यांदाच आलेल्या मुलाने रिक्षात बसून नुसतं ‘डी. वाय.’ म्हटलं, तर तो कुठे उतरेल याचा भरवसा नाही. म्हणून पहिली सूचना अशी आहे: प्रवेशाच्या कागदावरचा पत्ता पूर्ण वाचा. त्यावर ‘संत तुकाराम नगर, पिंपरी’ असेल तर एसटीने वल्लभनगर स्थानकावर उतरा. पुढे सामान कमी असेल तर चालतही जाता येतं.

संत तुकाराम नगरच्या आसपास कॉट बेसिसवर राहणारी काही मुलं-मुली ही मार्गदर्शिका मिळून लिहीत आहेत. ऑनलाइन, मराठीत, आणि कुणालाही दुरुस्त करता येईल अशी. त्यांच्या संध्याकाळच्या बैठकांना मी जाऊन बसतो. वस्ती या कामाला अगदी योग्य आहे. एकीकडे 2003 साली अभिमत दर्जा मिळालेलं डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठ, दुसरीकडे महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, म्हणजे सगळ्यांचं ‘वायसीएम’. त्यामुळे दरवर्षी नवी मुलं येतात, जुनी जातात, आणि जाताना आपल्याला कळलेलं सगळं बरोबर घेऊन जातात.

बैठकीत लिहिणं कमी आणि विचारणं जास्त असतं. एक मुलगी खोल्यांचं पान सांभाळते. तिने ‘चांगली खोली’, ‘वाईट खोली’ असे शेरे काढून टाकले आणि त्यांच्या जागी प्रश्न ठेवले. डिपॉझिट किती, त्यातून रंगाचे पैसे कापतात का? खोली सोडताना किती दिवस आधी सांगायचं? अकरा महिन्यांचा करार नोंदवलेला आहे का? पाणी कोणत्या दिवशी येतं आणि वरची टाकी केवढी आहे? शेवटचा प्रश्न बाहेरच्या माणसाला सुचणारच नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर 2019 पासून दिवसाआड पाणी सुरू झालं, आणि एका खोलीत चार कॉट असल्या की टाकीचा आकार हा भाड्याइतकाच महत्त्वाचा मुद्दा ठरतो. मेसच्या पानावरही हीच शिस्त. भाजी कशी आहे हे ज्याचं त्याने ठरवावं. पण गावी गेल्यावर खाडा धरतात का, किती दिवसांपासून धरतात, आदल्या दिवशी मावशींना सांगावं लागतं का, हे लिहिलंच पाहिजे.

घरमालकांची नावं घालायची का, यावर मोठा वाद झाला. ज्यांचं डिपॉझिट अडकलं होतं त्यांना नावं हवी होती. त्यांचा राग खराच होता. शेवटी ठरलं की व्यक्तीचं नाव आणि फोन नंबर कुठेच द्यायचा नाही, आणि मुली कुठे राहतात हे कळेल असा तपशील तर मुळीच नाही. हा निर्णय मला पूर्ण पटतो. सगळ्यांना वाचता येणाऱ्या पानावर एकाची बाजू लिहिली, तर दुसऱ्याला उत्तर द्यायला जागा राहत नाही.

प्रत्येक नोंदीखाली महिना, वर्ष आणि ‘स्वतः पाहिलं’ की ‘ऐकलं’ एवढं लिहावं लागतं. तारखेचा हा आग्रह कशासाठी, ते मेट्रोवरून कळतं. 6 मार्च 2022 ला इथलं स्थानक सुरू झालं तेव्हा गाडी फुगेवाडीपर्यंतच जात होती. 1 ऑगस्ट 2023 पासून ती सिव्हिल कोर्टापर्यंत आणि 29 सप्टेंबर 2024 पासून स्वारगेटपर्यंत जाऊ लागली. 2022 साली छापलेली पुस्तिका अडीच वर्षांत दोनदा चुकीची ठरली असती.

आणि ‘स्वतः पाहिलं’ कशासाठी? त्याचा धडा पुण्यातच आहे. 2011 साली विकिमीडिया फाउंडेशनने सीओईपी, सिम्बायोसिस स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अशा संस्थांतल्या विद्यार्थ्यांकडून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहून घेण्याचा प्रयोग केला. अनेकांनी पुस्तकांतला आणि संकेतस्थळांवरचा मजकूर जसाच्या तसा उचलला. तो शोधून काढताना जगभरचे स्वयंसेवक थकले, आणि त्याच वर्षी प्रयोग थांबवावा लागला. दोष एकट्या मुलांचा नव्हता. वर्गातलं काम म्हणून दिलेला विषय त्यांच्या अनुभवातला नव्हता, म्हणून तो दुसरीकडून आणावा लागला. याउलट 2004 साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस गावात दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेली डेव्हिस विकी वाढत वाढत साऱ्या गावाची माहितीवही झाली, कारण लिहिणारा रोज त्याच रस्त्यावरून जात होता. खाड्याचा नियम कुठून नकलून आणणार?

सर्वांत जास्त मेहनत महाडीबीटीच्या पानावर झाली आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरायचा हे सरकारी सूचनेत असतं. अर्ज कुठे अडतो हे नसतं. पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतात. ज्याची दोन-तीन खाती आहेत तो नेहमीच्या खात्यात वाट पाहत बसतो आणि रक्कम भलत्याच खात्यात पडलेली असते. म्हणून या पानाची सुरुवातच ‘आधी बँकेत जाऊन कोणतं खातं जोडलं आहे ते विचारा’ अशी आहे. नर्सिंगच्या एका विद्यार्थिनीने हे वाक्य चार वेळा बदललं; पानाच्या इतिहासात तिचे चारही प्रयत्न दिसतात. पहिल्यात ‘सीडिंग’, ‘मॅपिंग’ असे शब्द होते. शेवटचं वाक्य तिच्या आईलाही कळेल असं आहे. संपादन म्हणतात ते हेच, आणि ते इथे कुणी शिकवलेलं नाही.

आता अडचण माणसांची आहे. अंतिम वर्षाची मुलं परीक्षेनंतर चाकणला, हिंजवडीला किंवा गावी जातील आणि त्यांची पानं निराधार होतील. त्यावर तोडगा म्हणून प्रत्येक पानाला आता दोन राखणदार नेमले आहेत, एक शेवटच्या वर्षाचा आणि एक पहिल्या वर्षाचा. वर्षभर कुणी न तपासलेल्या नोंदीवर ‘जुनी माहिती’ असा शिक्का बसतो. दुसऱ्या गावातल्या, दुसऱ्या विद्यापीठाच्या मुलांनी यातलं काही उचलायचं असेल तर ही पद्धत उचलावी. मजकूर मात्र स्वतःच्या पायांनी फिरून गोळा करावा. आणि यंदा जे खोली सोडणार आहेत त्यांनी किल्ली परत देण्याआधी तासभर बसून आपल्याला ठाऊक असलेलं, तारखेसकट, लिहून ठेवावं. जूनपासून नवी मुलं यायला लागतील.