गॅरेज नसलेली मोटारसायकल
मोटारसायकल हिवाळ्यात झाकून ठेवण्याचे सल्ले बर्फाळ देशांतले. छत्रपती संभाजीनगरात कडाक्याच्या थंडीतही रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपासच रेंगाळतो. शेजारच्या वाळूजमध्ये १९८५ पासून बजाजच्या दुचाक्या तयार होतात, पण शहरात कितीतरी दुचाक्या उघड्यावरच उभ्या असतात. त्यांचा खरा शत्रू जून ते सप्टेंबरचा पाऊस. म्हणून गाडीत बदल करतानाच ती भिजणार हे गृहीत धरायला हवे. मागचा मडगार्ड कापला की काळ्या मातीचा चिखल थेट वायरिंगवर बसतो. जादा दिव्यांसाठी सोललेल्या तारांवर नुसती चिकटपट्टी गुंडाळली, तर सांध्यात ओल शिरून तांबे हिरवे पडते.

जाड प्लास्टिक टाकले की झाले, असे कोणी म्हणेल. पण त्याखाली जमिनीची वाफ कोंडते आणि चेन गंजते. हवा खेळती ठेवणारे कव्हर आणि वर पत्र्याची पडवी बरी. आठवड्याला दोन मिनिटे इंजिन सुरू करण्याची सवयही फसवी: तेवढ्यात बॅटरी भरत नाही, उलट सायलेन्सरात पाणी साचते. गाडी महिनाभर हलणार नसेल तर बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवावी, कारण नंतर बसवलेला अलार्म उभ्या गाडीतही वीज खातो. लोखंडी टाकी भरून ठेवावी. पेट्रोलमधले इथेनॉल ओल शोषते आणि रिकाम्या जागेतल्या दमट हवेने आतून गंज धरतो.