शुश्रूषेची पात्रता : सेवाभावापासून सन्मान्य व्यवसायापर्यंत

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आला आहे. अतिसाराने पीडित असा एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडून होता आणि त्याच्याकडे कोणी लक्ष देत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, त्या भिक्खूला स्नान घातले आणि दोघांनी मिळून त्याला उचलून शय्येवर निजविले. हा प्रसंग आपण धम्मदेसनेत अनेकदा ऐकला आहे. त्यापुढील भाग मात्र तितकासा सांगितला जात नाही. रुग्णाची शुश्रूषा करण्यास योग्य कोण, याची पाच लक्षणे तेथे दिली आहेत. त्याला औषध सिद्ध करता यावे, पथ्य-अपथ्य कळावे, लाभाच्या आशेने नव्हे, तर मैत्रीभावाने त्याने सेवा करावी, मल, मूत्र, थुंकी, वांती काढताना त्याला किळस येऊ नये, आणि धम्मकथेने रुग्णाचे मन प्रसन्न करता यावे.

इतिहासाचे अध्यापक या नात्याने ही लक्षणे वाचताना एक गोष्ट आम्हाला ठळकपणे जाणवते. येथे सेवकाचे कुळ वा वर्ण विचारलेला नाही. त्याला काय करता येते, एवढेच विचारले आहे. आज ज्याला आपण व्यावसायिक पात्रता म्हणतो, तिचा गाभा हाच आहे.

आपल्या समाजव्यवस्थेने याच्या नेमके उलट केले. प्रसूती विटाळाची मानली गेली आणि अनेक गावांत नाळ कापण्याचे काम अस्पृश्य गणलेल्या जातींतील सुईणींवर सोपविले गेले. सुईणीजवळ पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान होते, हातात कसब होते. पण त्या ज्ञानाला नाव नव्हते आणि कामाला प्रतिष्ठा नव्हती. काम जन्माने ठरले की ते करणाऱ्याचे कौशल्य दिसेनासे होते. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिव्यवस्थेच्या आर्थिक बाजूवर बोट ठेवले, ते याच ठिकाणी.

या अंधारात वाट दाखविणारी उदाहरणेही महाराष्ट्रात आहेत. अध्यापनाचे रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करतानाच निवर्तल्या. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या, बहुतांशी अल्पशिक्षित वा निरक्षर स्त्रिया तेथे आरोग्यसेविका झाल्या. त्यांत दलित समाजातील भगिनीही होत्या. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात बाळाच्या शुश्रूषेचे शिक्षण दिले. ३९ गावांतील या कार्याने बालमृत्यू लक्षणीय प्रमाणात घटले, हे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातून जगासमोर आले. पदवी नसलेली स्त्री हे काम उत्तम करू शकते, हे सिद्ध झाले. प्रश्न उरला तो हा की, दुसऱ्या गावी काम मागताना दाखविता येईल असा सर्वमान्य दाखला तिला कोण देणार?

या प्रश्नाचे शासकीय उत्तर म्हणजे २७ डिसेंबर २०१३ रोजी अधिसूचित झालेला राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा. आरंभी त्यात दहा स्तर होते. २०२३ च्या सुधारणेनंतर ते आठ झाले. पात्रता घडते कशी, हे समजून घेणे अगत्याचे आहे. प्रथम त्या क्षेत्राची कौशल्य परिषद प्रत्यक्ष कामाची फोड करते. उदाहरणार्थ, रुग्णाला कुशीवर वळविणे, अंघोळ घालणे, हात निर्जंतुक करणे, नोंद ठेवणे. प्रत्येक कामाचे मानक लिहिले जाते. त्यावरून अभ्यासक्रमाचे तास ठरतात व पात्रतेचा स्तर ठरतो. शेवटी, शिकविणाऱ्याहून वेगळ्या परीक्षकाकडून मूल्यमापन होते. या साऱ्यावर राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषदेचे नियमन असते. रुग्णालयातील जनरल ड्यूटी असिस्टंट आणि घरी शुश्रूषा करणारी होम हेल्थ एड या पात्रता अशाच घडल्या. अनुभवाने शिकलेल्यांच्या पूर्वज्ञानाची परीक्षा घेऊन त्यांना प्रमाणपत्र देण्याची सोयही आहे. आमच्या मते सुईणीच्या लेकींसाठी या आराखड्यातील सर्वांत न्याय्य कलम हेच होय.

शिक्षणाच्या क्षेत्रात अंगणवाडी सेविकेचे उदाहरण घ्यावे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बारावी झालेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका सुचविली. दिव्यांग मुलांना शिकविणाऱ्यांसाठी तर १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीची व्यवस्था झाली. बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र आपल्या खारघरमध्येच आहे, हे पालकांनी ध्यानात ठेवावे. समाजकार्याचे उच्च शिक्षण मुंबईत १९३६ पासून, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या स्थापनेपासून, उपलब्ध आहे; पण वस्तीत पायपीट करणाऱ्या कार्यकर्त्याला त्या पदवीपर्यंत नेणाऱ्या मधल्या पायऱ्या अजून पुरेशा झालेल्या नाहीत.

येथे एक कटू सत्यही सांगितले पाहिजे. दाखला मिळाला म्हणजे दाम मिळतोच असे नाही. अंगणवाडी सेविकेला आजही वेतन नव्हे, ‘मानधन’ मिळते. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेल्या आशाताईंना मोबदला मिळतो तो मुख्यतः कामागणिक. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, तो या दिशेने मोठा टप्पा ठरला. ‘सेवा निःस्वार्थ असावी’ असे म्हणून ज्यांना कमी दाम दिला जातो, त्यांनी महावग्गातील त्याच प्रकरणाचा पुढचा भाग सांगावा. मृत भिक्खूचे पात्र व चीवर शुश्रूषा करणाऱ्यास द्यावे आणि शुश्रूषा करणारा श्रामणेर असला तरी त्याला समान वाटा मिळावा, असा नियम तेथे आहे. मैत्रीभाव आणि मोबदल्याचा हक्क यांत तथागतांनी विरोध मानला नाही.

काही वर्षांपूर्वी आमची एक माजी विद्यार्थिनी भेटावयास आली. आईने धुणी-भांडी करून साठविलेले पैसे भरून तिने एका खासगी वर्गात सहा महिन्यांचा ‘नर्सिंग’चा अभ्यासक्रम पुरा केला होता. रुग्णालयात गेल्यावर कळले की त्या कागदाला मान्यताच नाही. पुढे ती ब्युरोमार्फत बारा-बारा तासांच्या पाळ्या करू लागली. ती वर्गात हुशार होती. चूक तिची नव्हती. योग्य वेळी कोणते प्रश्न विचारावेत, हे तिला आम्हीही सांगितले नव्हते.

म्हणून पालकांना व माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की, प्रवेशाचे शुल्क भरण्यापूर्वी तीन प्रश्न अवश्य विचारावेत. हा अभ्यासक्रम राष्ट्रीय पात्रता नोंदवहीत आहे काय व कोणत्या स्तरावर? प्रत्यक्ष रुग्णालयातील तास किती आणि परीक्षा घेणार कोण? यानंतरची पायरी कोणती? सहायक आणि परिचारिका यांत भेद आहे, हेही विसरू नये. परिचारिका होण्यासाठी एएनएमची दोन वर्षे वा जीएनएमची तीन वर्षे आणि राज्य परिचर्या परिषदेची नोंदणी अनिवार्य आहे.

आमच्या वसतिगृहात आजारी पडलेल्या मुलाच्या उशाशी रात्रभर बसणारी मुले आम्ही पाहिली आहेत. ती पाच लक्षणे त्यांच्यात आधीच आहेत. त्यांना शिक्षण, दाखला आणि दाम यांची जोड मिळवून देणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!