व्हॉइस प्रोसेसमधला आवाज

पुण्याजवळच्या हिंजवडीत नोकरीची चौकशी करणाऱ्या पोराला गेली वीसेक वर्षं एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो : व्हॉइस की नॉन-व्हॉइस? व्हॉइस म्हणजे हेडसेट लावून शिफ्टभर बोलायचं. नॉन-व्हॉइस म्हणजे मेल, चॅट, बॅक ऑफिस. राजीव गांधी इन्फोटेक पार्कात सॉफ्टवेअरच्या बरोबरीने ही कॉल घेण्याची कामंही आली आणि आजूबाजूच्या मुळशीतल्याच नव्हे, मराठवाड्या-विदर्भातल्याही हजारो मुलामुलींचा आवाज हेच त्यांचं कामाचं हत्यार झालं. भरतीच्या वेळी त्यांचं इंग्रजी तपासतात, उच्चार घोटून घेतात, टायपिंगचा वेग मोजतात. स्वरतंतू बघायची पद्धत मात्र नाही.

आवाजाच्या विकारांवरचं संशोधन मागे वळून पाहिलं, तर ही उणीव काही हिंजवडीने निर्माण केलेली नाही हे लक्षात येतं. या शास्त्राने पहिली शंभर-सव्वाशे वर्षं गाणाऱ्याचा गळा आणि कर्करोग, या दोहोंपलीकडे फारसं पाहिलंच नाही. पोटासाठी बोलणारा माणूस तपासणीच्या खुर्चीत बसला तो अगदी उशिरा.

सुरुवातही एका गानगुरूनेच केली. मानुएल गार्सिया हा मूळचा स्पॅनिश, लंडनमध्ये गाणं शिकवणारा. 1854 मध्ये पॅरिसमध्ये त्याने दातांच्या डॉक्टरचा लांब दांड्याचा छोटा आरसा सहा फ्रँकला विकत घेतला, तो गरम करून पडजिभेला टेकवला, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःचेच स्वरतंतू उघडताना-मिटताना पाहिले. 1855 च्या मार्चमध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याचा निबंध वाचला गेला. डॉक्टर नसलेल्या माणसाने डॉक्टरांना दिलेलं हे साधन पुढे जगभर पसरलं. हा गृहस्थ स्वतः 101 वर्षं जगला.

त्याच 1855 साली अल्लादिया खाँसाहेबांचा जन्म झाला. त्यांची हकिगत आपल्याकडे गाण्याच्या बैठकीत सांगतात, वैद्यकाच्या वर्गात सांगायला हवी. आमलेटा या छोट्या संस्थानात असताना राजाच्या हौसेपायी खाँसाहेब इतके गायले की आवाज गेला, तो जवळजवळ दोन वर्षं. परत आला तेव्हा पूर्वीची लवचीक फिरत त्यात राहिली नव्हती. पुढे कोल्हापूरला शाहू महाराजांच्या दरबारात स्थिरावलेल्या या गवयाने उरलेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी बांधली, आणि जयपूर घराण्याची ती वक्र, लयीला चिकटून चालणारी चाल त्यातूनच घडली असं मानतात. पुढे याच घराण्यात, मोगूबाई कुर्डीकरांच्या कन्या किशोरी आमोणकरांचाही आवाज ऐन पंचविशीच्या सुमारास गेला. त्यांनाही सुमारे दोन वर्षं गाता आलं नाही. त्यांनी आयुर्वेदिक उपचार घेतले आणि त्या परतल्या. दोन्ही कथांमध्ये आवाज परत आला एवढंच आपण लक्षात ठेवतो. नेमकं काय बिघडलं होतं, सूज होती की गाठ की रक्तस्राव, हे आपल्याला ठाऊक नाही.

मराठी मुलखातही आवाजाच्या ज्ञानाची वाट संगीताच्या खोलीतूनच गेली. मुंबईत बी. आर. देवधरांनी आवाजाच्या जोपासनेचा आधुनिक अंगाने अभ्यास केला, पुढच्या पिढीत अशोक दा. रानडे यांनी गायकांबरोबर नटांनाही त्यात ओढलं. शिक्षक, कंडक्टर, भाजीवाल्या यांच्यापर्यंत ती वाट कधी पोचली नाही.

दवाखान्यातलं काम 1960 च्या दशकापासून झपाट्याने पुढे सरकलं. जर्मनीत ओस्कार क्लाइनझासर यांनी भूल दिलेल्या रुग्णाच्या घशात नळी टांगून, सूक्ष्मदर्शकातून, दोन्ही हातांनी स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया करण्याचं तंत्र बसवलं. कापायचं किती, हे मात्र अजून अंदाजावरच होतं. उत्तर जपानमधून आलं. मिनोरू हिरानो यांनी 1974 मध्ये दाखवलं की स्वरतंतू म्हणजे एकसंध पट्टी नव्हे. आत स्नायू, आणि त्यावर दुधावरच्या सायीसारखा सैल, मऊ पदर. आवाज मुख्यतः त्या पदराच्या लाटेतून निघतो. पूर्वी गाठीबरोबर आजूबाजूचा पदरही ओरबाडून काढत. जखम भरायची, पण त्या जागी वण येऊन पदर खाली चिकटायचा आणि आवाज कायमचा कोरडा, घोगरा व्हायचा. तेव्हापासून चांगल्या शल्यविशारदाची ओळख त्याने काय काढलं यावरून नव्हे, तर काय शिल्लक ठेवलं यावरून होऊ लागली. 1974 मध्येच क्योटोच्या नोबुहिको इश्शिकी यांनी स्वरतंतूंना हातही न लावता बाहेरच्या कूर्चेवर शस्त्रक्रिया करून आवाज बदलण्याचे चार प्रकार मांडले.

आवाज मोजायचा कसा, हा प्रश्न यापेक्षा चिवट निघाला. हिरानोंच्याच काळात रूढ झालेल्या एका मोजपट्टीत तज्ज्ञ कानाने ऐकून घोगरेपणा, खरखर, हवा सुटणं, क्षीणपणा आणि ताण यांना शून्य ते तीन गुण देतो. स्ट्रोबोस्कोपीत लुकलुकणाऱ्या प्रकाशामुळे स्वरतंतूंची कंपनं संथ झाल्यासारखी दिसतात. एका श्वासात ‘आ’ किती सेकंद टिकतो हे साधं घड्याळ सांगतं. संगणक कंपनांतला बारीक थरकाप आकड्यात देतो. एवढं सगळं करूनही एक विचित्र गोष्ट उरायची : यंत्राला बरा वाटणारा आवाज ज्याचा आहे त्याला बरा वाटत नसे, आणि कधी उलटही. म्हणून 1997 मध्ये अमेरिकेत बार्बरा जेकबसन आणि सहकाऱ्यांनी तीस वाक्यांची प्रश्नावली केली. समोरासमोर बोलतानाही लोक पुन्हा सांगायला लावतात का, आवाजामुळे लोकांत जाणं टाळता का, कमाईवर परिणाम झाला का. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा शोध हाच, आणि त्याला ना आरसा लागला ना लेसर.

प्रश्न विचारायला लागल्यावर उत्तरं भलत्याच ठिकाणाहून आली. 2002 मध्ये अमेरिकेत फोनवरून विक्री करणाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. आवाजाचं एखादं तरी लक्षण त्यांच्यात इतरांच्या दुप्पट शक्यतेने आढळलं. 2004 मध्ये आयोवा आणि युटामधल्या 1,243 शिक्षकांची तुलना शिक्षक नसलेल्यांशी केली गेली. आयुष्यात कधी ना कधी आवाजाचा विकार झाल्याचं निम्म्याहून अधिक, 57.7 टक्के शिक्षकांनी सांगितलं. इतरांत हे प्रमाण 28.8 टक्के होतं.

हिंजवडीच्या कॉल फ्लोअरवर हे आकडे ठेवून पाहा. बाईच्या बोलण्यात स्वरतंतू सेकंदाला साधारण दोनशे वेळा एकमेकांवर आदळतात. शिफ्टमध्ये सगळा मिळून तासभर जरी स्वर निघाला, तरी सात लाख वीस हजार आघात झाले. शेजारी तीसचाळीस जण बोलत असतील तर आपलाही आवाज नकळत चढतो. हे एत्येन लोंबार याने 1911 मध्येच नोंदवलं आहे. वर एसीची कोरडी हवा, रात्रीची शिफ्ट, कॉल सोडून पाणी प्यायलाही टीएलच्या, म्हणजे टीम लीडरच्या, नजरेचा आणि एएचटीच्या, म्हणजे एका कॉलला लागणाऱ्या सरासरी वेळेच्या, आकड्याचा धाक. गावच्या जत्रेत म्हातोबाच्या बगाडाला चांगभलं म्हणून ओरडणाऱ्या गावकऱ्याचा घसा चार दिवसांत सुटतो, कारण तो पुढे गप्प बसू शकतो. फ्लोअरवरच्या मुलीला दुसऱ्या दिवशी पुन्हा लॉगिन करायचं असतं. मग स्वरतंतूंच्या मधोमध, जिथे आघात सर्वांत जोराचा, तिथे दोन्ही बाजूंना घट्टे धरतात.

या घट्ट्यांना, म्हणजे नोड्यूलना, सहसा सुरी लागत नाही. बोलण्याची रीत सुधारली, स्पीच थेरपी नीट झाली तर ते विरतात. पॉलिप किंवा सिस्ट असेल तर अनेकदा शस्त्रक्रियाच करावी लागते. पण घोगरा आवाज घेऊन गेलेल्याच्या हाती अनेक वर्षं सर्वांत आधी पडली ती आम्लपित्ताची गोळी. 1991 पासून घशापर्यंत चढणाऱ्या आम्लाची चर्चा सुरू झाली आणि प्रत्येक खाकरण्याला तेच कारण चिकटलं. 2021 मध्ये ब्रिटनमधल्या 346 रुग्णांवरच्या चाचणीत घशाच्या दीर्घ तक्रारींवर अशी गोळी आणि नुसती साखरेची गोळी यांत फरक आढळला नाही. तीन आठवड्यांहून जास्त आवाज बसलेला असेल, तर गोळीआधी कान-नाक-घसा तज्ज्ञाने आत पाहिलेलं बरं. सिगारेट ओढणाऱ्याने तर तेवढंही थांबू नये.

शस्त्रक्रियेनंतरच्या मौनाची कथाही अशीच. डॉक्टर सवयीने आठवडाभर, कुणी दोन आठवडे गप्प बसायला सांगत. आधाराला परंपरा होती, पुरावा नव्हता. 2017 मध्ये क्योटोच्या गटाने रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून तीन दिवसांचं आणि सात दिवसांचं मौन ताडून पाहिलं. दोन्ही गटांना नंतर थेरपी दिली. तीन दिवसवाल्यांचे स्वरतंतू आणि आवाज जास्त चांगले सावरले. भरून येणाऱ्या ऊतीला हलका, योग्य हालचालीचा ताण हवा असतो, अशी त्यामागची कल्पना. म्हणून आता चौथ्या दिवशी हळू गुणगुणणं, स्ट्रॉमधून पाण्यात बुडबुडे काढत स्वर लावणं असे व्यायाम देतात. आपल्या गवयांच्या पहाटेच्या खर्जाची इथे आठवण होते. फरक इतकाच की रुग्णाला जोर लावण्याची मुभा नाही. कुजबुजायलाही बंदी असते, कारण बरेच जण कुजबुजतानाच घसा आवळतात.

मौन तीन दिवसांवर आलं म्हणून कामावर परतणंही तीन दिवसांवर येत नाही. सुरुवातीचे आठवडे बोलण्याचं प्रमाण मोजून वाढवावं लागतं, आणि व्हॉइस प्रोसेसमध्ये अर्धी शिफ्ट बोलायची सोय मागायची कुणाकडे? पोलंडमध्ये दीर्घकाळ आवाज वापरून झालेले विकार व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहेत. पंधरा वर्षं तसं काम केलेलं असावं लागतं. आपल्याकडच्या तशा यादीत गोंगाटाने येणारं बहिरेपण आहे, आवाज जाणं नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचादोष आहे, पण स्वरयंत्र काढून टाकावं लागण्यासारखा, कायमचा. यांच्या मधल्या पट्ट्यात, म्हणजे अजून बोलता येतं पण शिफ्टभर नाही, अशांसाठी कुठलाच रकाना नाही. ते आपणच रस्ता काढतात : टीएलला विनंती करून चॅट प्रोसेस मागून घेतात. आता त्या चॅटवरही यंत्र उत्तरं द्यायला लागलं आहे.