अवटु ग्रंथीची मंदता आणि वजन उतरविणारीं पूरकें

स्थूलपणाविषयीं आपल्या समाजांत दोन समजुती फार दिवस शेजारीं शेजारीं नांदत आल्या आहेत. अंगानें भरणें हें सुखवस्तु घराचें लक्षण, ही एक. आणि बाई जाड झाली ती खाऊन व झोपून झाली, ही दुसरी. पहिली समजूत आतां मागें पडली आहे; दुसरी मात्र अद्याप घरोघर ठाण मांडून बसली आहे. जिचें खाणें पूर्वींइतकेंच, किंबहुना कमीच असून वजन मात्र वाढत जातें, जिला दुपारीं बसल्या जागीं ग्लानि येते, इतरांना पंखा हवा असतां जी पदर लपेटून घेते, जिचे केस गळतात, त्वचा कोरडी पडते, पोट साफ होत नाहीं व मासिक ऋतु अनियमित होतो, अशा गृहिणीच्या कानांवर ‘आळशी’ हा शब्द फार लौकर पडतो. वास्तविक दोष तिच्या स्वभावाचा नसून तिच्या गळ्यांतील एका लहानशा ग्रंथीचा असूं शकतो. रोगाचें निदान झालें म्हणजे निदान घरांतला उपहास तरी थांबावा. परंतु नेमकें त्याच सुमारास दुसरें एक संकट दाराशीं येऊन उभें राहतें. ‘थायरॉइडचें वजन महिन्याभरांत उतरवूं’ असें सांगणाऱ्या गोळ्या, चूर्णें, काढे व सरबतें हें तें संकट होय. या पूरकांत ग्राह्य किती व त्याज्य किती, याचा विचार आम्ही येथें वाचकांपुढें मांडीत आहोंत.

ग्रंथि करते काय?

गळ्याच्या पुढल्या बाजूस, कंठमण्याच्या किंचित् खालीं, श्वासनलिकेला बिलगून फुलपांखराच्या आकाराची अवटु ग्रंथि असते. अन्नांतील आयोडीन घेऊन ती थायरॉक्सिन नांवाचें द्रव्य तयार करते. हें द्रव्य रक्तावाटे सर्व शरीरांत पोंचतें आणि पेशींच्या कामाचा वेग ठरवितें. चुलींतला जाळ कमी झाला कीं आधण उशिरां येतें, डाळ शिजत नाहीं आणि सारा स्वयंपाकच रेंगाळतो. तसेंच या द्रव्याची उणीव पडली असतां हृदयाचे ठोके मंदावतात, आंतड्यांची हालचाल मंदावते व अंगाची ऊब कमी होते. मग मेंदूच्या तळाशीं असलेली पोष ग्रंथि अवटु ग्रंथीला जागें करण्यासाठीं टीएसएच हें उत्तेजक द्रव्य अधिकाधिक सोडूं लागते. म्हणूनच रक्तांत टीएसएच वाढलेलें व थायरॉक्सिन घटलेलें दिसलें म्हणजे डॉक्टर मंदतेचें निदान करतात. जेथें आयोडीन पुरेसें मिळतें तेथें या मंदतेचें सर्वांत सामान्य कारण म्हणजे शरीराच्या संरक्षक शक्तीनें आपल्याच ग्रंथीवर केलेला हल्ला. जपानी शल्यवैद्य हाकारु हाशिमोटो यांनीं १९१२ सालीं या विकाराचें वर्णन केलें व तो आज त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. अवटु ग्रंथीचे विकार पुरुषांपेक्षां स्त्रियांत कितीतरी पटींनीं अधिक आढळतात.

या रोगाला उपाय आहे, आणि तो नवा नाहीं. १८९१ सालीं इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरानें मेंढीच्या अवटु ग्रंथीचा अर्क टोंचून शेहेचाळीस वर्षांच्या एका बाईला बरें केलें. त्यापूर्वीं हा रोग पूर्ण जडला म्हणजे मनुष्य सुजत, मंद होत अखेर दगावे. ती बाई मात्र औषध चालू ठेवून पुढें अठ्ठावीस वर्षें जगली. १९१४ सालच्या नाताळच्या दिवशीं अमेरिकेंत एडवर्ड केंडॉल यांनीं थायरॉक्सिन शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें. आज जी लिव्होथायरॉक्सिनची इवलीशी गोळी मिळते ती प्रयोगशाळेंत तयार होते, आणि ग्रंथि जें द्रव्य निर्माण करीत असे तेंच ती पुरविते. ज्याची उणीव तेंच भरून काढणें, इतकी सरळ अशी ही चिकित्सा आहे.

वाढलेलें वजन किती व कशाचें?

येथेंच पुष्कळांचा गैरसमज होतो. ग्रंथीच्या मंदतेमुळें वाढणारें वजन लोक समजतात तितकें नसतें. अमेरिकेंतील अवटुरोगतज्ज्ञांच्या संघाच्या मतें हें वजन साधारणतः पांच ते दहा पौंड, म्हणजे सुमारें सवादोन ते साडेचार किलो असतें. रोग तीव्र असल्यास कांहीं अधिक. त्यांतहि मोठा भाग मेदाचा नसून शरीरांत सांचून राहिलेल्या मिठाचा व पाण्याचा असतो. योग्य मात्रा सुरू झाली कीं हें पाणी उतरतें, चेहऱ्यावरची सूज जाते. परंतु ज्या बाईचें वजन वीस किलोंनीं अधिक आहे, तिचें सगळें ओझें या ग्रंथीच्या माथीं मारतां येणार नाहीं. रक्ताचे आंकडे सुधारल्यावर उरलेलें वजन हें इतरांसारखेंच वजन असतें. त्याला आहार, व्यायाम, झोंप, वय व कुळाचा वारसा हींच कारणें असतात. जाहिरातदार नेमकें हेंच लपवितात. ग्रंथीचा दोष व मेदाचा संचय यांची ते गांठ मारतात, आणि त्या गांठीवर आपली बाटली विकतात.

पूरकांचे चार प्रकार

पहिला प्रकार आयोडीनयुक्त समुद्रशैवालाच्या गोळ्यांचा. ग्रंथीला आयोडीन लागतें, तेव्हां तें अधिक दिलें कीं ग्रंथि अधिक काम करील, असा वरवर पटणारा युक्तिवाद यामागें आहे. आपल्या देशांत आयोडीनची उणीव होती हें खरें. हिमाचलाच्या कांगडा खोऱ्यांत १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड कमी होतो हें दाखवून दिलें, आणि १९६२ सालीं सरकारनें गलगंडनियंत्रणाची राष्ट्रीय योजना सुरू केली. आज दुकानांत मिळणाऱ्या आयोडीनयुक्त मिठांत ग्राहकाच्या हातीं पडतांना दर ग्रॅमला निदान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असावें असा नियम आहे. प्रौढ माणसाची दिवसाची गरज १५० मायक्रोग्रॅमची; मीठ, दूध व इतर अन्न मिळून ती बहुतेक घरांत भागते. शैवालाच्या एकेका गोळीत मात्र याच्या कितीतरी पट आयोडीन असूं शकतें, आणि तें बाटलीगणिक बदलतें. आयोडीनचा अतिरेक झाला असतां ग्रंथि थायरॉक्सिन बनविणेंच थांबविते, हें वुल्फ व चायकॉफ यांनीं १९४८ सालीं उंदरांवरील प्रयोगांनीं सिद्ध केलें. निरोगी ग्रंथि यांतून कांहीं दिवसांत सांवरते. रोगग्रस्त ग्रंथि पुष्कळदां सांवरत नाहीं. म्हणजे जिला उठवावयाचें तिलाच या गोळ्या निजवितात! येथेंच एक गोष्ट जातां जातां सांगतों. उपवासाच्या दिवशीं सैंधव वापरण्यांत कांहीं बिघडत नाहीं. परंतु तें ‘शुद्ध’ म्हणून बारा महिने साध्या मिठाच्या जागीं वापरणाऱ्या घरांनीं त्यांत सहसा पुरेसें आयोडीन नसतें हें ध्यानांत ठेवावें.

दुसरा प्रकार सर्वांत घातक. कारण त्यांत प्रत्यक्ष अवटुद्रव्यच लपविलेलें असतें. हा उद्योग जुना आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून अमेरिकेंत ‘मार्मोला’ नांवाच्या कृश करणाऱ्या गोळ्या विकल्या जात. त्यांत जनावरांच्या वाळविलेल्या अवटु ग्रंथीची पूड असे. तेथील सरकारी व्यापार आयोगानें हरकत घेतली, तेव्हां प्रतिस्पर्ध्यांचें नुकसान सिद्ध झालें नाहीं या कारणास्तव सर्वोच्च न्यायालयानें १९३१ सालीं निकाल कंपनीच्या बाजूनें दिला; आयोगाची सरशी व्हावयास १९४२ साल उजाडावें लागलें. हें सारें इतिहासजमा झालें असें मात्र कोणीं समजूं नये. २०१३ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं ‘थायरॉइडला साहाय्यक’ म्हणून खुल्या बाजारांत मिळणारीं दहा पूरकें तपासलीं. त्यांपैकीं नवांत टी-३ व पांचांत टी-४ हीं अवटुद्रव्यें आढळलीं. डॉक्टरांची गोळी घेणारी बाई असें पूरक घेऊं लागली तर तिला नकळत दुहेरी मात्रा मिळते. वजन थोडें उतरतें, हें खरें. पण त्यांत मेदाबरोबर स्नायूहि झिजतात. छातींत धडधड होते, हात कांपतात, झोंप उडते, हृदयाचा ताल बिघडतो, आणि ऋतुनिवृत्तीनंतरच्या वयांत हाडें ठिसूळ होतात. म्हणूनच थायरॉक्सिन हें स्थूलतेवरील औषध नव्हे, असा ठळक इशारा अमेरिकेंत त्याच्या माहितीपत्रकावर छापणें सक्तीचें आहे. जी ग्राहक शाकाहारी आहे तिनें तर हेंहि लक्षांत घ्यावें कीं, वाळविलेल्या ग्रंथीची पूड बहुधा डुकराची असते.

तिसरा प्रकार वनस्पतींच्या अर्कांचा. आपल्या कोकणच्या कोकमाच्या कुळांतलेंच मलबारी चिंचेचें एक झाड आहे. त्याच्या सालीतील हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल मेद वितळवितें अशी ख्याति झाली. १९९८ सालीं अमेरिकेंत १३५ स्थूल माणसांवर बारा आठवडे प्रयोग झाला. अर्क घेणाऱ्यांचें वजन सरासरी ३·२ किलो उतरलें, आणि निरुपयोगी गोळी घेणाऱ्यांचें ४·१ किलो! दोघांनाहि आहार मात्र मोजूनच दिला होता. गुण काय तो त्या आहाराचा. ताटाजवळच्या सोलकढीला हा आक्षेप नाहीं. आक्षेप आहे तो आटविलेल्या अर्काला. या अर्काप्रमाणेंच हिरव्या चहाच्या दाट अर्कानेंहि यकृतास इजा झाल्याचीं उदाहरणें नोंदलेलीं आहेत. अश्वगंधेचें नांव आपल्याकडे आदरानें घेतात, आणि तिचा गुण नाकारण्याचा आमचा हेतु नाहीं. उलट तिचा परिणाम होतो म्हणूनच सावध राहावें. अश्वगंधेनें रक्तांतील अवटुद्रव्य वाढल्याचें २०१८ सालच्या एका लहान प्रयोगांत दिसून आलें. तेव्हां गोळी चालू असतां ती घेतल्यास मात्रा अधिक होऊं शकते. गरोदर स्त्रियांनीं तर ती टाळावीच.

चौथा प्रकार निरुपद्रवी दिसणाऱ्या जीवनसत्त्वांचा व क्षारांचा. केसांसाठीं घेतलें जाणारें बायोटिन ग्रंथीला कांहीं करीत नाहीं. पण रक्ततपासणीच्या कांहीं पद्धतींत घोटाळा करून मंद ग्रंथीला अतितीव्र ठरवितें. मग डॉक्टर मात्रा कमी करतात आणि रोग वाढतो. अमेरिकेच्या औषधखात्यानें २०१७ सालीं बायोटिनविषयीं जाहीर इशारा दिला आहे. तपासणीपूर्वीं निदान दोन दिवस तें बंद ठेवावें, आणि तें घेत असल्याचें डॉक्टरांस सांगावें. कॅल्शियम व लोह हे क्षार तर पोटांत गोळीलाच पकडून ठेवतात व तिला रक्तांत शिरूं देत नाहींत. गरज असल्यास ते अवश्य घ्यावेत. मात्र थायरॉक्सिननंतर चार तासांचें अंतर ठेवून.

मग करावें काय?

पहिलें पथ्य सकाळच्या चहाचें. थायरॉक्सिनची गोळी उठल्याबरोबर उपाशी पोटीं साध्या पाण्याबरोबर घ्यावी, आणि त्यानंतर निदान अर्धा तास, बनल्यास एक तास, चहा, कॉफी वा न्याहारी घेऊं नये. आपल्या घरांतली गृहिणी सर्वांचा चहा करतांना स्वतःचाहि घोट घेते, आणि तेथेंच अर्धी गोळी वायां जाते. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीं रक्त तपासावें. त्याआधीं आंकडे स्थिर होत नाहींत. बरें वाटूं लागलें म्हणून गोळी सोडूं नये, आणि वजन उतरत नाहीं म्हणून आपल्या मनानें वाढवूं नये. दिवस राहिल्याचें कळतांच डॉक्टरांस भेटावें, कारण त्या काळांत मात्रा बहुधा वाढवावी लागते आणि तिच्यावर पोटांतील बाळाच्या मेंदूची वाढ अवलंबून असते.

उरलेल्या वजनासाठीं मार्ग जुनाच आहे. ताटांत भात-पोळीचा भाग थोडा कमी, आणि डाळ, उसळ, ताक व भाज्या यांचा अधिक. उपवासाच्या नांवाखालीं साबुदाण्याची खिचडी व तळलेले पदार्थ यांना आळा. रोज भरभर चालणें. आणि आठवड्यांतून दोन-तीन वेळां स्नायूंना ताण देणारा व्यायाम. कोबी-फुलकोबी शिजवून खाण्यास भिण्याचें कारण नाहीं. महिन्याला एक-दोन किलो उतरले तरी तें यश मानावें.

आणि तरीहि कोणी नवी बाटली पुढें केलीच, तर तीन प्रश्न विचारावेत. हिच्यांत नेमकें काय व किती आहे? तें माझ्या चालू औषधाशीं कसें वागतें? आणि हिच्यावांचून, केवळ आहारानें, इतकेंच वजन उतरलें असतें काय? उत्तर मिळालें नाहीं तर पैसे पदरांत बांधून घरीं यावें. आपल्या देशांत १९५४ च्या कायद्यानें गलगंड व स्थूलता यांवर रामबाण उपाय असल्याच्या जाहिरातींस बंदी आहे, हेंहि विक्रेत्यास सांगण्यास हरकत नाहीं.

शेवटीं दोन शब्द घरांतील मंडळींसाठीं. अशा बाटल्या पुष्कळदां लोभानें नव्हे, तर लाजेनें विकत घेतल्या जातात. लग्नकार्यांत कोणी हंसून बोलतें, नवरा सहज थट्टा करतो, सासूबाई शेजारणीच्या सुनेचें उदाहरण देतात. आणि ती बाई कोणास न सांगतां गोळ्या मागविते. न सांगतां घेतलेली गोळीच सर्वांत धोक्याची, कारण डॉक्टरांनाहि तिचा पत्ता नसतो. ज्या घरांत मधुमेहाच्या पथ्याला मान आहे, त्या घरांत या रोगालाहि तो मिळावा. सकाळीं तिनें गोळी घेतल्यावर अर्धा तास तिला चहाच्या आधणापासून मोकळें ठेवावें, आणि तो चहा घरांतल्या दुसऱ्या कोणीं करावा. कोणत्याहि पूरकापेक्षां तिला याचाच गुण अधिक येईल.