विहीर माझी, पाणी कुणाचे?

मार्च सरत आला की मराठवाड्यातल्या गावांत एक मालमोटार शिरते. तिच्या पाठीवर पोलादी मनोरा आडवा निजवलेला, मागोमाग कॉम्प्रेसरची दुसरी गाडी. नंबरप्लेट बहुधा तामिळनाडूची, कारण तिथले तिरुचेंगोडे हे गाव या यंत्रांचे माहेरघर आहे. पाणाड्याने नारळ हातावर ठेवून जागा दाखवलेली असते आणि शेतकऱ्याने उसनवारी करून पैसे जमवलेले असतात. यंत्र धडधडू लागते, भुकटीचे लोट उठतात आणि बांधावर बसलेली माणसे फूट मोजू लागतात. दोनशे, तीनशे, चारशे. पाचशेला पाणी लागले तर घरात दिवाळी. नाही तर कर्जाच्या वहीत आणखी एक ओळ.

शेजारचा शेतकरीही आपल्या बांधावर उभा राहून हे बघत असतो. त्याची आजोबांच्या वेळची चाळीस फुटी विहीर तिथून हाकेच्या अंतरावर असते. या बोअरला पाणी लागले तर आपल्या विहिरीचे काय होणार, हे त्याला कुणी सांगावे लागत नाही. दाद कुठे मागायची, हे मात्र त्याला सांगता येत नाही. कारण तशी दाद मागण्याची सोय आपल्या कायद्यात जवळजवळ नाहीच.

याचे मूळ १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात, म्हणजे वकिलांच्या बोलीतल्या ईझमेंट ॲक्टमध्ये आहे. मुंबई इलाख्याला तो १८९१ साली लागू झाला. नदीनाल्याच्या पाण्यावर सरकारचा हक्क या कायद्याने मान्य केला. पण जमिनीखालचे जे पाणी ठरावीक पात्रातून वाहत नाही, ते आपल्या हद्दीत गोळा करण्याचा आणि त्याचे हवे ते करण्याचा हक्क जमीनमालकाला दिला. सातबारा ज्याचा, त्याच्या पायाखालचे पाणीही त्याचेच.

ही कल्पना आली इंग्लंडातून. लँकेशायरमध्ये एका सूतगिरणीची विहीर शेजारच्या कोळशाच्या खाणीमुळे आटली. गिरणीमालक कोर्टात गेला आणि १८४३ मध्ये हरला. जमिनीखाली पाणी कसे आणि कुठून वाहते हे कुणालाच दिसत नाही, तेव्हा त्यावर शेजाऱ्याचा हक्क मानायचा कशाच्या आधारावर, असा त्या न्यायालयाचा विचार होता. भूजलशास्त्र बाल्यावस्थेत असताना, बारमाही पाऊस पडणाऱ्या देशात दिलेला तो निकाल. चूक त्या न्यायाधीशांची नव्हेच. चूक आहे ती तेच तत्त्व दख्खनच्या काळ्या कातळावर आजही राबवणाऱ्या आपली.

बरे, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या कायद्याने आपले फारसे बिघडलेही नव्हते. तेव्हा पाण्याचा खरा कायदा बैलांच्या खांद्यावर होता. मोट ओढून बैल दमले की उपसा थांबे आणि रात्रभर झरे विहीर पुन्हा भरून काढीत. पहार आणि सुरुंग जितके खाली नेतील तितकीच विहिरीची खोली. आधी विजेचा पंप आला आणि बैलांनी घातलेली मर्यादा गेली. मग बोअर आली आणि खोलीची मर्यादाही गेली. गंमत अशी, की बोअर आपल्याकडे पसरली ती दुष्काळात माणसांना प्यायला पाणी मिळावे म्हणून. तिच्यावर बसवण्याजोग्या दणकट हातपंपाचे नमुने जालना आणि सोलापूर इथेच घडले आणि त्यातूनच पुढे देशभर गेलेला ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला. हातपंपाने कुणाची विहीर आटली नाही. आटली ती त्याच भोकात विजेची मोटार सोडल्यावर.

राज्याचा फार मोठा भाग बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. या खडकात गंगेच्या खोऱ्यासारखे गाळाचे जाड थर नाहीत. वरच्या मुरमात आणि कातळाच्या फटींत जे मावते तेवढेच पाणी. हे भांडे लहान आहे. ते हळूहळू भरावे लागते. भीज पाऊस दिवसचे दिवस रेंगाळला तरच ते भरते. आणि नेमके तेच आता बिनभरवशाचे झाले आहे. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावरच्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या, पण पावसाळ्याची एकूण बेरीज घटत गेली. चार तासांत कोसळलेले पाणी ओढ्यातून पळून जाते. ते मुरायला थांबत नाही. विहीर एका रात्रीत भरून येईल, हा हिशेब जुन्या पावसाचा होता. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हा त्या भागात बोअर कमी होत्या म्हणून नव्हे. बोअर भरपूर होत्या, कोरड्या होत्या.

सरकारने काही केले नाही असे म्हणता येणार नाही. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेण्यास मनाई केली. पण तक्रार करायची ती गावच्याच माणसाविरुद्ध, आणि कारवाईचा हुकूम येईपर्यंत उन्हाळा संपलेला. २००९ चा भूजल कायदा अधिक व्यापक होता. तो अमलात यायला २०१४ उजाडले. विहिरींची आणि बोअरच्या यंत्रांची नोंदणी, पाणलोट क्षेत्रासाठी समित्या, आणि अधिसूचित क्षेत्रात शेती व उद्योगासाठी साठ मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा, खोल विहिरीला बंदी, हे सारे त्यात आहे. फक्त पाणी कुणाचे, या मूळ प्रश्नाला सरळ हात घालायचे धाडस त्यात झाले नाही. जुनी मालकी तशीच ठेवून तिच्यावर परवान्यांचे ठिगळ लावले आहे.

न्यायालयांतही हीच ओढाताण दिसते. केरळातल्या प्लाचीमडा गावी शीतपेयाच्या कारखान्याने उपसा चालवला, तेव्हा उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी २००३ मध्ये सांगितले, की भूजल ही जनतेची ठेव आहे आणि सरकार तिचे विश्वस्त. दोनच वर्षांनी त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने तो निर्णय फिरवला.

दुसरा मार्ग नव्हता का? होता, आणि तो पुण्यापासून फार लांब नव्हता. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या उद्योजक अभियंत्याने पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या एकरांवर नव्हे, घरातल्या माणसांवर वाटले गेले. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही वाटा. ऊस नाही. आणि जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क विकला जाणार नाही. हा शेवटचा नियम वरवर साधा वाटतो, पण पाणी आणि सातबारा यांची १८८२ मध्ये पडलेली गाठ त्यानेच सोडवली, तीही एकही वकील न लावता.

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हेच आपल्या पद्धतीने केले. शेतीसाठी बोअर बंद, ऊस-केळी बंद, आणि पाऊस संपल्यावर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद. पाऊस कमी तर रब्बीला कात्री. पिण्याचे पाणी आधी, पीक नंतर.

मात्र या दोन्ही गावांमागे खमके नेतृत्व होते आणि लोकांनी ते मानले. प्रत्येक गावाला साळुंखे मिळत नाहीत. उद्या एखाद्या गावात सगळ्यांनी मिळून बोअरबंदीचा ठराव केला आणि एकाने अक्षरशः कायदा हातात घेऊन, म्हणजे १८८२ चा कायदा हातात घेऊन, त्याला आव्हान दिले, तर ते गाव अधिसूचित क्षेत्रात नसल्यास ठरावाच्या बाजूने उभे राहणारे कलम शोधताना वकिलाची दमछाक होईल. आणि तोवर बांधावर फूट मोजणे चालूच असेल. दोनशेला कुणी थांबत नाही.